बाबा देवी होतात ती सकाळ

शनिवारी सकाळी आमच्या मेडिकलसमोर मुंबईकडच्या गाड्या थांबायला लागल्या की मला कळतं, आता दोन गोष्टी विचारल्या जाणार. पहिली, गाडीत उलटी होऊ नये म्हणून गोळी आहे का. दुसरी, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" लग्न होऊन शहापुरात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण या दुसऱ्या प्रश्नाला मी अजूनही गडबडते. पावसाळा असला तर धबधबे सांगते, थंडी असली तर किल्ला सांगते. उन्हाळ्यात काय सांगणार? सिनेमा बघायचा तर आम्हीच कल्याणला जातो. गावोगावी क्रिकेटचे सामने असतात, हळदीला डीजे असतो, बाजारात करवंदं आणि जांभळं येतात. एवढं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो आणि पाण्याची बाटली घेऊन निघून जातो.

खरं तर उन्हाळ्यात बघण्यासारखं एक होतं. पण त्या वर्षी ते मी कुणालाही सांगत नव्हते, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी मी विषय बदलत होते.

उंबरमाळीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला माझं माहेर आहे. तिथे वैशाखात बोहाडा होतो. बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. गणपती, मारुती, रावण, एकेका देवाचं नाहीतर राक्षसाचं सोंग एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. रात्रभर ही सोंगं संबळाच्या तालावर नाचून जातात आणि उजाडल्यावर सगळ्यांत शेवटी देवी निघते. ती गावभर फिरते, महिषासुराला गाठते, त्याला मारते, मग बोहाडा संपतो. देवीचं सोंग आमच्या घराकडे. म्हणजे माझ्या बाबांकडे.

बाबांना मुलगा नाही, मी एकटीच. बायकांनी सोंग घ्यायचं नसतं, त्यामुळे बाबांनंतर देवी माझ्या चुलतभावाच्या घरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच बाबा ती सोडत नव्हते. वर्षभर ते आसनगावजवळच्या एका कारखान्यात वॉचमन असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला गेट उघडायचं आणि लावायचं. पावसात सुट्टी टाकून भाताची लावणी करायची. आणि वैशाखातल्या त्या एका सकाळी आईचं हिरवं नऊवारी नेसून, पाठीला लाकडी हात बांधून, पांगाऱ्याच्या लाकडाचा जड मुखवटा चढवून ते देवी व्हायचे. मुखवटा चढला की त्यांना नावाने हाक मारायची नाही. बाबा म्हणायचं नाही, काका म्हणायचं नाही. सगळ्यांनी "आई" म्हणायचं. लहानपणी त्या सकाळी माझी फार तारांबळ उडायची, कारण मला एकदम दोन आया व्हायच्या आणि बाबा कुठेच नसायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांच्या छातीत कळ आली. ठाण्याला नेलं. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, उन्हात धावपळ करायची नाही, छातीत दुखलं तर ही गोळी लगेच जिभेखाली ठेवायची. मी दुकानात दिवसभर हीच औषधं विकते, त्यामुळे मला डॉक्टरांपेक्षाही जास्त भीती वाटत होती. बाबा मात्र गावात सांगत फिरले, "काळजात स्प्रिंग टाकलीय माज्या. आता तर मी डबल नाचनार."

सगळे हसले. मी हसले नाही. मी त्यांना म्हटलं, "बाबा, यंदा देवी चुलतभावाला घेऊ द्या. एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

"एक वर्ष दिली का गेली," बाबा म्हणाले. "मंग मागायला जाऊ का मी त्याच्या दारात?"

त्यानंतर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. फोन केला की आईच उचलायची. मी आईला म्हटलं, तू तरी सांग. आई म्हणाली, "मी सांगून ऐकतील ते? मी कोन त्यांची?" लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोने असं म्हणावं याचा मला रागच आला. मला वाटलं, हिने हातपाय गाळले.

मग मी गावच्या मंडळाकडे गेले. तिथे तर वेगळीच गडबड चालू होती. आदल्या वर्षी कुणीतरी बोहाड्याचा व्हिडिओ टाकला होता आणि तो फार पाहिला गेला होता. आता ठाण्या-मुंबईचे पाहुणे येणार, फोटो काढणारे येणार, हायवेच्या बाजूला गाड्या लावायला जागा पाहिजे. त्यामुळे महिषासुराची लढाई देवळासमोर न करता खाली माळावर, गाड्यांच्या जवळ करायची ठरली होती. म्हणजे देवीने गाव फिरून झाल्यावर आणखी माळापर्यंत नाचत जायचं. वैशाखातल्या उन्हात. मी बाबांच्या तब्येतीचं काढलं तर मंडळातले एक आजोबा म्हणाले, "बाय, आमी काय बांधून नेतोय का त्यांना? पन देवी नाय तर बोहाडा कसला?" त्यांचंही बरोबर होतं. हेच मला खात होतं. कुणाला धरून भांडावं, असं कुणीच सापडत नव्हतं.

बोहाड्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्कूटी काढून माहेरी गेले. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी, बी.पी.चं मशीन, ग्लुकोज, सगळा संसार. आणि पहाटे, देवळात बाबांना तयार करताना बघून माझ्या लक्षात आलं की या सगळ्याचा काही उपयोग नाही. मुखवट्याच्या दोऱ्या मागून करकचून बांधतात. नाचताना घसरू नये म्हणून गाठींवर पाणी मारतात. मग त्या गाठी अशा बसतात की सोडवायला बराच वेळ जातो. आणि मुखवट्याच्या तोंडाची फट एवढी अरुंद, की बाहेरचं दिसेल तेवढंच. तिच्यातून गोळी आत टाकायची कशी? टाकली तरी जिभेखाली जाणार कशी? शिवाय एकदा देवळापुढे बांधलेला मुखवटा महिषासुर पडेपर्यंत उतरवायचा नाही. मी हातात गोळी धरून उभी होते आणि समोर माझा बाप लाकडात बंद होत होता.

आई शांतपणे त्यांच्या निऱ्या सारख्या करत होती.

उजाडलं. वैशाखरे गावाहून आलेल्या संबळवाल्याने देवीची चाल धरली आणि देवी देवळाच्या पायरीवरून खाली आली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी सगळं विसरले. बाबा नाचतात तसं आमच्या भागात कुणी नाचत नाही. एवढं ओझं डोक्यावर, पण पाय असे पडतात की जमिनीला लागतात की नाही कळू नये. पाहुण्यांनी मोबाइल वर केले. एक बाई आपल्या मुलाला म्हणत होती, "बघ, बघ, आतमध्ये माणूस आहे." मला तिला सांगावंसं वाटलं, हो ना बाई, त्याचीच तर काळजी आहे.

देवी गावात फिरते तेव्हा दारोदारी बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या राहतात. आरती चालू असेपर्यंत देवीने नाचायचं नाही, जागेवर स्थिर उभं राहायचं आणि संबळ हळू वाजवायचा. आरती झाली की बाई देवीच्या पायावर डोकं ठेवते आणि काय मागायचं ते हळूच मागते. याला गाऱ्हाणं म्हणतात. आतल्या माणसाला ते ऐकू जातं, पण त्याने ते कधी कुणाला सांगायचं नसतं. मग देवी पुढे निघते. चार-पाच घरं अशी झाली. बाबांचा ताल बरोबर होता, पण पोलक्याच्या पाठीवर घामाचा डाग वाढत चालला होता आणि मी त्याच्याकडे बघत बाजूबाजूने चालत होते.

आमच्या दारात आईने आरती केली. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं, ओठ हलवले, उठली. दर वर्षीसारखंच.

पण पुढे बोअरिंगच्या पंपापाशी पोचलो तर आई ताट घेऊन तिथे उभी. ती मधल्या बोळातून आली असणार. देवी थांबली. आईने सावकाश, अगदी सावकाश आरती केली. परत पायावर डोकं ठेवलं. संबळवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, मलाच कळेना. अंगणवाडीपाशी पोचलो, तर तिथेही आई. या वेळी ती धापा टाकत होती आणि पदर खोचलेला होता.

"काकी, तुमची झाली ना आरती?" मंडळाचा एक जण म्हणाला. "टाइम होतो ना. पाव्हने उन्हात उभे हायत."

"मंग त्यांना सावलीत उभं कर," आई म्हणाली. "माज्या आरतीनं तुजं काय जातं?"

तेव्हा मी देवीच्या पाठीकडे बघितलं. मघाशी भात्यासारखी वर-खाली होणारी पाठ आरतीच्या त्या वेळात हळूहळू संथ झाली होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देवीला बस म्हणता येत नाही, दम खा म्हणता येत नाही, नाव घेऊन थांबवता येत नाही. पण तिची आरती करता येते. आरती चालू आहे तोवर तिला उभं राहावंच लागतं. मी मेडिकलवाली, पर्सभर औषधं घेऊन आलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं. आई हातपाय गाळून बसली नव्हती, ती वाती वळत बसली होती.

शाळेच्या कोपऱ्यावर आईच्या ताटातलं तेल संपलं. निरांजन विझलं. तिने इकडेतिकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मी प्रथमच घाबरलेला पाहिला. शेजारची काकू घरात गेली आणि स्वतःचं ताट घेऊन आली. आईने तिला काही सांगितलं नव्हतं. काकूने आरती संपवली तोवर तिच्या मागे तिची सून ताट घेऊन उभी. मग पलीकडची म्हातारी. मग तर रांगच लागली. ज्यांच्या दारात मघाशी आरती झाली होती त्याही परत आल्या. देवी दहा पावलं नाचायची आणि थांबायची. पाहुणे वैतागले. एक जण फोनवर म्हणाला, "अरे, इथे नुसती पूजाच चालू आहे." मी त्याच्याकडे बघून मोठ्याने हसले आणि लगेच रडूही आलं.

पण माळ अजून बाकी होता. तिथे घरं नाहीत, दारं नाहीत. देवी लढाईच्या जागी पोचली की आरती नसते, फक्त लढाई असते. ऊन चांगलंच चढलं होतं. बायकांची रांग गावाच्या कडेला थांबली आणि मी एकटी पुढे गेले.

महिषासुराचं सोंग शेजारच्या काकांकडे. ते आणि बाबा लहानपणी एकत्र गुरं राखायचे. हे काका गावात एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत, ते मरत नाहीत. म्हणजे त्यांचा महिषासुर मरत नाही. देवीने वार केला की पडतात, परत उठतात, देवीला देवळाभोवती पळवतात, पोरांच्या अंगावर धावून जातात, शेवटी बायका ओरडतात, "मर की रं मेल्या, सैपाक पडलाय!" तेव्हा कुठे मरतात. पाहुणे हेच बघायला आले होते. मागच्या वर्षीच्या व्हिडिओत हेच होतं. मी गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचायला धडपडत होते, पण त्यांचाही मुखवटा बांधलेला, आणि संबळ आता असा कडकडत होता की मी ओरडले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

देवी पुढे सरकली. तिचा पाय एकदा वेडावाकडा पडला. गर्दीला तो नाचच वाटला, टाळ्या पडल्या. मला माहीत होतं, बाबांचा पाय असा पडत नाही. माझ्या तोंडात "बाबा" आलं होतं. दातांवर आलं होतं. त्यांनी तलवारीचा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. वर जाईना, खाली येईना. मी मूठ एवढी आवळली की गोळीचं वेष्टण तळव्यात रुतलं.

आणि महिषासुर आपण होऊन दोन पावलं पुढे आला. त्याने मान खाली घातली, आपलं शिंग देवीच्या लटपटत्या तलवारीला टेकवलं, आणि धाडकन पाठीवर पडला. हातपाय ताणले. मेला.

संबळवाला वाजवतच राहिला, कारण एवढ्या लवकर थांबायची त्याला सवय नव्हती. मग तोही थांबला. पाहुण्यांमधला एक जण पुढे येऊन खाली वाकला आणि म्हणाला, "काका, परत एकदा करा ना. रेकॉर्ड झालं नाही."

"मेलेला मानूस परत उठतो का रं?" महिषासुर पडल्यापडल्या म्हणाला. "व्हय मागं. देवीला वारा लागू दे."

मी धावले. दोघातिघांनी मिळून गाठी सोडवल्या, एक तर विळ्याने कापली. मुखवटा उतरला. बाबांचा चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, डोळे मात्र उघडे. मी गोळी जिभेखाली ठेवली. त्यांना एका गाडीच्या सावलीत बसवलं. पाहुण्यांचीच गाडी होती, त्या माणसाने काही न विचारता सीट मागे करून दार उघडून दिलं. मी बी.पी. बघितलं, परत बघितलं. थोड्या वेळाने ओठांना रंग आला. तोवर मी किती देवांना काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही.

काका शिंगं काखोटीला मारून शेजारी येऊन बसले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. "नीट मरायला पन येत नाय तुला," बाबा म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

"लोकं म्हनतील, म्हातारा झाला महिषासुर," काका म्हणाले. "तुला कोन काय नाय म्हनत." मग ते तोंड फिरवून उपरण्याने बराच वेळ चेहरा पुसत राहिले.

मी बाबांना वारा घालत होते. रागवायचं ठरवलं होतं, तोंडापर्यंत वाक्यं आली होती, पण त्यांचा हिरव्या नऊवारीतला तो घामेजलेला चेहरा बघून एकही बाहेर पडेना. बाबाच आपण होऊन बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"बाय, पायावर डोकं ठेवून बाया काय काय मागतात, तुला ठावं नाय. कोनाला पोर पायजे. कोनाचा नवरा दारू सोडत नाय. कोनाची जमीन अडकलीय. मी आत घाम गाळत ऐकायचो. आनि मला वाटायचं, मी गेटवरचा मानूस, मी यांना काय देनार? इतक्या वर्षांत मी कोनाला कायपन देऊ शकलो नाय."

मी म्हटलं, "बाबा, बोलू नका आता. दम लागेल."

"आज एकीनं मागितलं," ते म्हणाले. "दारात मागितलं. पंपापाशी मागितलं. अंगनवाडीपाशी मागितलं. एकच मागनं, तेच तेच. इतक्या वर्षांत पयल्यांदा कोनीतरी मला देता येईल असं मागितलं."

"काय मागितलं?"

"ते सांगायचं नसतं," बाबा म्हणाले, आणि मग काकांकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाले, "मंडळात सांग, पुढच्या सालापासून मुखवटा पुतन्याला द्या."

काकांनी नुसती मान हलवली. मी हिवाळ्यापासून जे व्हावं म्हणून जिवाचा आटापिटा करत होते, ते झालं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मी हुंदके देऊन रडायला लागले, आणि ते थांबेचना.

तेवढ्यात आई गावातून चहाची किटली घेऊन आली. उन्हात भराभरा चालून तिचा चेहरा लाल झाला होता. तिने आधी बाबांकडे निरखून बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं गो हिला?" तिने विचारलं.

"काय नाय," बाबा म्हणाले. "बस तू हिथं सावलीत. किती धावलीस."